पिस्ता जेवला का?

पिस्तानं शेवटचा उंदीर खाल्ला तो डिसेंबरच्या चार तारखेला. त्यानंतर मार्च संपत आला तरी त्यानं तोंड उघडलं नव्हतं. मिरजेतल्या त्या गल्लीत ही गोष्ट माहीत नाही असं कुणी उरलं नव्हतं. दुधवाला दारात सायकल टेकवून आधी विचारायचा, "पिस्ता जेवला का?" आणि मग दूध घालायचा.

पिस्ता म्हणजे बॉल पायथन जातीचा अजगर. सव्वाचार फूट लांब, अंगावर तपकिरी आणि पिवळे पट्टे. विष नाही, आवाज नाही. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं मधोमध लपवायचं, एवढाच काय तो त्याचा राग. मूळ जात आफ्रिकेतली. रहिमानच्या मुलीनं, नौशीननं, तो पुण्यातल्या एका माणसाकडून रीतसर घेतला होता आणि सरकारदरबारी त्याची नोंदही केली होती. तो नोंदीचा कागद रहिमाननं फ्रेम करून दुकानात आपल्या वडिलांच्या फोटोशेजारी टांगला. येणारा प्रत्येक जण बसायच्या आधी 'फॉरेस्टवाले धरतील की' म्हणायचा, त्याला उत्तर देऊन देऊन तोंड दुखायला लागलं होतं.

रहिमान तंबोरे करायचा. त्याचा बाप तेच करायचा, आजाही तेच. नौशीन ही एकुलती एक. ती शिरवळला जनावरांची डॉक्टर व्हायला गेली. तिथल्या हॉस्टेलात गाईम्हशींचे, घोड्यांचे, कोंबड्यांचे डॉक्टर घडत होते, पण सापाला खोली मिळत नव्हती. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर परत जाताना तिनं पिस्ताची काचेची पेटी दुकानाच्या मागच्या भिंतीला लावली, आत काठाला शिरण्यापुरती खाच असलेलं एक छोटं मडकं पालथं घालून ठेवलं आणि म्हणाली, "अब्बा, अम्मी घाबरते. मी याला फक्त तुमच्या भरवशावर सोडून चाललेय."

रहिमानला हे वाक्य आवडलं. पोरीनं आपल्या भरवशावर काही सोडावं असा प्रसंग बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

जेवणाची पद्धतही तिनं लिहून दिली होती. उंदीर मेलेले आणि गोठवलेले, पुण्याहून थर्मोकोलच्या डब्यातून यायचे. त्यांच्यासाठी रहिमाननं दुकानात वेगळा छोटा फ्रीज घेतला, कारण साबेरानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सांगून टाकलं होतं की माझ्या फ्रीजमध्ये उंदीर आला तर मी माहेरी जाईन. दर पंधरा दिवसांनी एक उंदीर काढायचा, कोमट पाण्यात सैल करायचा, मग लाकूड चिकटवायच्या तापलेल्या सरसाच्या भांड्याशेजारी ठेवून ऊबदार करायचा आणि लांब चिमट्यात धरून पिस्ताच्या नाकासमोर हलवायचा. डिसेंबरपर्यंत पिस्तानं हे सगळं गुमान चालवून घेतलं. मग एक दिवस त्यानं उंदराकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"थंडीत खात नाहीत कधीकधी," नौशीन फोनवर म्हणाली. "दोन-तीन महिनेसुद्धा जातात. त्याला एकटं सोडा."

एकटं सोडा, हे सांगायला सोपं. पण त्या घरात साबेरा होती. तिच्या घरातून आजवर कुणी न जेवता गेलेलं नव्हतं. वीजबिल द्यायला आलेल्या माणसालाही तिनं एकदा खिचडा खाऊ घातला होता, आणि तो नको म्हणत होता तेव्हा दुसरी वाढ घातली होती. सुरुवातीला ती पिस्ताच्या पेटीकडे पाठ करून चालायची. पण तो जेवत नाही म्हटल्यावर तिची भीती कुठल्या कुठे गेली. ती काचेला तोंड लावून त्याची समजूत घालायला लागली.

"खा रं बाळा. एवढंसं खा. आवं, त्याचं तोंड बघा की, कसं उतरलंय."

"सापाचं तोंड तसंच आसतं," रहिमान म्हणाला.

"माज्या घरात कोण उपाशी हाय म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते बघायला फार दिवस लागले नाहीत. त्या गल्लीची एक रीत होती. कुणाच्या घरी कुणी अन्न टाकलं की बघायला जायचं. जायचं, बसायचं, आजाऱ्याचं तोंड बघायचं, चहा घ्यायचा, एक उपाय सांगायचा आणि उठायचं. जो गेला नाही त्याचं नाव पुढची दहा वर्षं लक्षात राहायचं. रहिमानला कावीळ झाली होती तेव्हा साबेरानं त्रेसष्ट माणसांना चहा पाजला होता. त्रेसष्ट उपायांपैकी त्यानं चार केले आणि काविळीतनं उठायला त्याला त्यामुळेच दोन महिने लागले, असं डॉक्टरांचं मत होतं.

पिस्ताला बघायला त्याहून जास्त माणसं आली.

अडचण एकच होती. माणूस लांबून यायचा, बसायचा, आणि पिस्ता दिसायचाच नाही. तो मडक्यात. आजाऱ्याचं तोंडच बघायला मिळालं नाही तर आलेल्या माणसानं करायचं काय? एक म्हातारी जतहून एसटीनं आली, तासभर मडक्याकडे बघत बसली आणि न बोलता परत गेली. रहिमानला फार कानकोंडं झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं मडकं काढलं. दिसायला अंधूक होतं म्हणून वर एक मोठा बल्बही लावला. रिकामं मडकं बघून साबेरानं त्यात पुदिना लावला. ही जानेवारीची गोष्ट. नौशीन फोनवर रोज सतरा गोष्टी विचारायची, पेटीतली ऊब किती, पाणी बदललं का, कात टाकली का. मडकं आहे का, हे तिनं कधी विचारलं नाही. आणि रहिमानलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

पिस्ता आता दिवसभर उजेडात, पेटीच्या कोपऱ्यात, चेंडू होऊन बसलेला असायचा. लोकांची सोय झाली.

सगळ्यात जास्त फेऱ्या गुंडाच्या. गुंडा कुंडलचा, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, ऊस आणि भजनी मंडळ या दोन गोष्टींत बुडालेला. मंडळाचा तंबोरा दुरुस्तीला टाकला होता, त्या निमित्तानं तो दर आठवड्याला यायचा.

"रहिमानभाई, ह्यो पुण्याचा गारढोण माल खातूय कोण?" तो म्हणाला. "आमी बर्फात टिनमधलं खाल्लंय, मला ठावं हाय. ताजं पायजे गड्या. थांब तू."

पुढच्या खेपेला तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उसाच्या फडातला जिवंत उंदीर घेऊन आला. उंदीर चांगला पोसलेला होता. गल्लीतले पाच-सहा जण जमले. गुंडानं डबा पेटीत उपडा केला. उंदरानं एकदा सगळीकडे हुंगून पाहिलं, मग पिस्ताला हुंगलं. पिस्तानं चेंडू आणखी घट्ट केला. तेव्हा उंदीर त्याच्या पाठीवर चढून बसला आणि आरामात मिशा साफ करायला लागला.

गुंडा रिकामा डबा हातात धरून पेटीवर वाकला.

"काढा त्याला भायेर," साबेरा शेवटी म्हणाली. "चावंल तो बाळाला."

उंदराला काढताना गुंडाच्या अंगठ्याला दात लागला. त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. उंदीर पळून लाकडाच्या ढिगात गेला. साबेरानं त्याच्यासाठी म्हणून भाकरीचा तुकडा ठेवला, तो मात्र सकाळी संपलेला होता. घरात निदान एक जण जेवला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण वजन हसण्यावारी नेता येत नव्हतं. रहिमान दर शुक्रवारी नमाजाहून आला की पिस्ताला किचनच्या काट्यावर ठेवायचा. डिसेंबरात चौदाशे ऐंशी ग्रॅम. फेब्रुवारीत तेराशे. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी अकराशे नव्वद. पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता. आकडा नौशीननं फोनवर दोनदा वदवून घेतला.

"अब्बा, अकराशेच्या खाली गेला तर मी येते."

"परीक्षा?"

"परत देता येईल."

"तसं काय करू नगंस," रहिमान म्हणाला. पण ती तसंच करील हे त्याला माहीत होतं, कारण ती त्याच्यावरच गेली होती. वर्ष वाया जाणार होतं आणि ते त्याच्या भरवशावर सोडलेल्या जनावरापायी जाणार होतं. त्या रात्री त्यालाही जेवण गेलं नाही. साबेरानं हे कुणाला सांगितलं नाही, नाहीतर त्यालाही बघायला लोक आले असते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुंडा आला. भजनी मंडळाच्या तंबोऱ्याची दांडी भोपळ्याला नव्यानं सरसानं जोडून, दोरीनं आवळून ठेवली होती. दुकानात आणखी सात माणसं होती, सगळी पिस्ताकडे तोंड करून. चहा फिरत होता. गुंडाला जागा मिळाली ती तंबोऱ्याशेजारी. त्यानं सहज हात लांबवला, अंगठा जोडावर टेकवला आणि दाबून पाहिला.

"वाळलं का रं?"

रहिमान उठलाच. "अंगठा काढ! आरं, वाळलं का म्हणून हात लावलास की ते कवाच वाळत न्हाई! चाळीस वर्सं सांगतुया मी लोकास्नी. सरस लावला, आवळला, की झाकायचं आन् इसरायचं. बघायला सुदिक यायचं न्हाई!"

रहिमान एरवी ओरडणारा माणूस नव्हता. तो तसाच हात वर करून उभा राहिला, कारण त्याची नजर पेटीकडे गेली होती. वर मोठा बल्ब. खाली उघड्यावर, कोपऱ्यात, चेंडू झालेलं जनावर. आणि त्याच्याभोवती आठ माणसं, सोळा डोळे, चार महिने, रोज, वाळलं का म्हणून बघत बसलेली. आणि त्यांना चहा देऊन बसवणारा तो स्वतः.

"काय झालं?" गुंडानं विचारलं.

"काय न्हाई," रहिमान म्हणाला. "उठा सगळी. चहा भायेर कट्ट्यावर."

त्यानं बल्ब काढला. एका मोठ्या तंबोऱ्याची जाड कापडी गवसणी काढून ती पेटीवर घातली. साबेराला म्हणाला, मडकं दे. मडक्यात पुदिना हातभर माजला होता. मुळं सोडवताना मडक्याचे दोन तुकडे झाले. कुंभाराकडून नवं आणलं, ते घागरीएवढं निघालं. पिस्तानं त्यात डोकं घालून पाहिलं आणि परत कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला अंग चहूबाजूंनी टेकेल अशी अडचणीची जागा हवी होती, हे रहिमानच्या आता लक्षात आलं होतं. त्यानं पुठ्ठ्याचं खोकं ठेवून पाहिलं, ते पाणी सांडून लोळागोळा झालं. शुक्रवारी काट्यावर अकराशे वीस आले.

दुकानात भोपळे होते. तंबोऱ्याचं दुकान, भोपळ्यांना काय तोटा. पण सगळ्यांना कीड लागू नये म्हणून मोरचुदाचं पाणी दिलेलं होतं, आणि ते विष. बिनमोरचुदाचा एकच होता. तो माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला.

हा भोपळा रहिमाननं बारा वर्षांपूर्वी स्वतः मंगळवेढ्याकडे जाऊन, चारशे भोपळे ठोकून बघून निवडला होता. तेव्हा नौशीन नऊ वर्षांची होती. शाळेतून आली की दुकानात बसून पाढे म्हणायची. एक दिवस त्यानं तंबोरा जुळवून गिऱ्हाइकापुढे ठेवला, तर ती पाढे थांबवून म्हणाली, "अब्बा, तिसरी तार रुसलीय." गिऱ्हाईक हसलं. रहिमाननं कान लावला. तार खरंच केसभर उतरलेली होती. त्याला स्वतःला ते ऐकू आलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तो भोपळा आणायला गेला. बायकांच्या तंबोऱ्याला लागतो तसा लहान, पण जाड सालीचा, गोल गरगरीत. त्यावर त्यानं पेन्सिलीनं लिहिलं, 'नौशीन', आणि त्या वर्षाचा आकडा. तिच्या हातून तिचा पहिला तंबोरा होईल तो याचा, असं त्यानं ठरवलं. साबेराला सोडून कुणाला सांगितलं नाही. पोरीला तर नाहीच. उगाच तिच्यावर ओझं कशाला. पुढे ती म्हणाली, मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, तेव्हा तो म्हणाला, "बरं." भोपळा माळ्यावरच राहिला. दर पावसाळ्यानंतर तो चादर सोडून एकदा पुसायचा आणि परत बांधायचा.

दुपारी त्यानं शिडी लावली. साबेरा खाली उभी होती.

"दुसरा न्हाई का?"

"न्हाई."

तंबोऱ्यासाठी भोपळा कापतात तो पुढून, वरची लाकडी तबली बसवण्यासाठी, सगळं तोंड उघडून. रहिमाननं बारीक करवत घेतली आणि कुशीला, मुठीएवढं भोक पाडलं. कुशीला भोक पडलेल्या भोपळ्याचं वाद्य होत नाही, परत कधी होत नाही. त्याला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, फार वाईट वाटलं. पण हात थांबला नाही. आतलं बी काढलं, कडा काचकागदानं गुळगुळीत केल्या, भोपळा पेटीत ठेवला आणि गवसणी ओढली.

पिस्ता पंधरा मिनिटांत आत गेला. शेपूट सगळ्यात शेवटी.

पुढचे दहा दिवस कुणी बघितलं नाही. हे लिहायला एक ओळ लागली, पण साबेराला विचारा. ती दिवसातनं वीसदा गवसणीपाशी येऊन उभी राहायची आणि हात पदरात गुंडाळून परत जायची. बघायला आलेल्या माणसांना रहिमान कट्ट्यावरच चहा देऊन वाटेला लावायचा. दोन घरांनी बोलणं टाकलं. शुक्रवारी त्यानं वजनही केलं नाही. नौशीनला म्हणाला, "या टायमाला इचारू नगंस. तू अभ्यास कर."

अकराव्या दिवशी संध्याकाळी त्यानं उंदीर सरसाच्या भांड्याशेजारी ऊबदार केला, गवसणी चिमट्यापुरती उचलली आणि उंदीर आत धरला. स्वतः तोंड दुसरीकडे फिरवून बसला. बराच वेळ काहीच नाही. हात भरून आला. मग चिमट्याला एकदम हिसका बसला, आणि पाठोपाठ आतून आवाज आला, धम्म. उंदरासकट पिस्ता भोपळ्यात मागे आदळला होता. तो आवाज भोपळ्यात घुमला, गोल होऊन वर आला आणि सावकाश विरला. रहिमान चिमटा धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. भोपळा फार चांगला निघाला असता.

त्यानं शिरवळला फोन लावला. "खाल्लं," म्हणाला. पलीकडे नौशीन रडायला लागली. शेजारी साबेरा आधीच रडत होती. रहिमान दोघींच्या मधे फोन धरून बसला.

मेच्या शेवटी परीक्षा देऊन नौशीन घरी आली. बॅग दारात टाकून आधी पेटीकडे गेली. पिस्ता तेराशे दहा. तिनं त्याला हातावर घेतलं, पाठ चाचपली, तोंड तपासलं, परत सोडलं. मग भोपळ्याकडे तिचं लक्ष गेलं. बोट वाकवून तिनं त्यावर सहज टकटक केली. तिचा हात तिथंच राहिला. तिनं परत एकदा ठोकलं, कान तिरका करून. मग भोपळा थोडा फिरवला. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

"अब्बा, हा तर तंबोऱ्याचा आहे. जनानी."

"व्हता."

"माझं नाव आहे याच्यावर."

"तुजाच हाय. तुज्याच जनावराला दिला."

तिनं वर्षाचा आकडा वाचला. बोटांवर वर्षं मोजली.

"बारा वर्षं? मला कधी बोलला नाहीत."

रहिमाननं हातातली कानस खाली ठेवली. "सरस लावल्याला आसला की हात लावायचा नसतो," तो म्हणाला. "म्हणलं, पोर आपापली घट्ट हुईल. मदीच कशाला दाबून बघा."

नौशीन पेटीला टेकून खाली बसली. "पिस्ताला दिवसातनं वीस वेळा विचारलंत, खातो का म्हणून," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीनं विचारलं. मला एकदासुद्धा नाही."

साबेरा स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. तिनं जेवा म्हटलं नाही. तिच्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालं असेल.

हे रहिमानचं शंभरदा मनात म्हणून झालेलं होतं, तरी जिभेवर नीट येईना. "शिकतीस का?" तो म्हणाला. "डाक्टरी कर की. ती सोडू नगंस. पर सुट्टीत. एखादा."

नौशीननं गवसणी ओढून पेटी झाकली, कडा नीट खोचल्या आणि उठून अम्मीच्या हातातलं ताट घेतलं.

"आठ दिवस विचारू नका," ती म्हणाली.

रहिमाननं मान हलवली. आठही दिवस त्यानं खरंच काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर जाऊन, मंगळवेढ्याच्या भोपळेवाल्याला फोन लावून, जनानी मापाचा जाड सालीचा कोणता आहे का, एवढं हळू आवाजात विचारून घेतलं.